नावे नसलेली खानेसुमारी: १८७२ आणि १८८१ च्या जनगणना अहवालांचा घराण्याच्या शोधात किती उपयोग होतो?

घराण्याची वंशावळ नीट लिहून काढायचे मनावर घेतले, तेव्हा माझ्या हाती तीनच गोष्टी होत्या. आजोबांनी जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवलेली सात पिढ्यांची यादी, माळशिरस तालुक्यातल्या एका गावाचे नाव आणि ‘मोठ्या दुष्काळात आपली माणसे गाव सोडून गेली’ हे घरात सर्वांना तोंडपाठ असलेले एक वाक्य. यादीतल्या चौथ्या पिढीत चार भाऊ आहेत. पाचव्या पिढीत मात्र त्यांतल्या एकाचीच मुले दिसतात. उरलेल्या तिघांचे पुढे काय झाले, ते निपुत्रिक गेले, लहानपणीच वारले की दुसरीकडे जाऊन राहिले, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

याच सुमारास ‘ब्रिटिश जनगणनेतील तुमच्या पूर्वजांच्या मूळ नोंदी’ मिळवून देऊ, असे सांगणाऱ्या एका सशुल्क सेवेची जाहिरात पाहण्यात आली आणि मी ४,५०० रुपये भरले. तिचे नाव येथे देत नाही, कारण याच धर्तीच्या जाहिराती आणखीही काही जण करतात आणि माझे म्हणणे त्या सर्वांनाच लागू पडेल. तीन आठवड्यांनी चौदा पानांची पीडीएफ आली. मुखपृष्ठावर वेलबुट्टीच्या चौकटीत आमचे आडनाव, त्याखाली तलवार आणि ढाल, आत १८८१ च्या अहवालातील सोलापूर जिल्ह्याचे काही तक्ते, माळशिरसच्या ओळीवर पिवळी रेघ आणि खाली एक वाक्य: ‘आपले पूर्वज या संख्येत समाविष्ट आहेत.’ वाक्य खोटे नाही, एवढीच त्याची जमेची बाजू. १८७२ च्या रकान्यापुढे ‘तालुका आढळला नाही’ असा शेरा होता. तो शेरा कसा चुकला, हे पुढे येईल.

तरीही त्या पीडीएफमुळे एक चांगली गोष्ट झाली. ते तक्ते कुठून काढले आहेत हे पाहण्यासाठी मी मूळ अहवाल उघडले आणि पुढचे चार महिने त्यांच्यातच गेलो. म्हणून हे परीक्षण त्या सेवेचे थोडे आणि अहवालांचेच जास्त आहे. हे अहवाल आता छायांकित रूपात विनामूल्य वाचायला मिळतात, आणि घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या मराठी माणसाने त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे आधी कळले असते तर माझे पैसेही वाचले असते.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, या अहवालांत सामान्य माणसांची नावे नाहीत, आणि ज्या कागदांवर नावे होती ते कागद जपले गेलेले नाहीत. मुंबई इलाख्याची गणना २१ फेब्रुवारी १८७२ रोजी झाली. तेव्हाच्या मराठीत तिला खानेसुमारी म्हणत, म्हणजे शब्दशः घरांची मोजणी. हिंदुस्थानाच्या इतर भागांत या फेरीचे हेच काम १८६७ पासून १८७२ पर्यंत जमेल तसे झाले होते. त्या सगळ्याची गोळाबेरीज हेन्री वॉटरफील्ड यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात आहे आणि तीत ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या १९ कोटींच्या थोडी वर दिली आहे. सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तिचे आयुक्त डब्ल्यू. सी. प्लाउडन होते, देशाचा एकूण आकडा २५ कोटी ३८ लाखांच्या घरात गेला, आणि मुंबई इलाख्याचा अहवाल जे. ए. बेन्स यांनी १८८२ मध्ये तयार केला. दोन्ही वेळा गणना करणाऱ्याने घरोघरी जाऊन माणसे कागदावर उतरवली होती. पण पुढे कचेरीत बसलेल्या कारकुनांनी त्या कागदांवरून वय, धर्म, जात, धंदा अशा एकेका सदराखाली काड्या मारून बेरजा केल्या, बेरजा छापल्या, आणि मूळ कागदांचे काम संपले. १९०१ मध्ये माणशी एक चिठ्ठी करण्याची पद्धत आली, तेव्हाही त्या चिठ्ठ्या मोजणीपुरत्याच होत्या.

या ठिकाणी गोंधळ होतो तो इंग्लंडमुळे. तिकडे १८४१ पासूनच्या गणनेची घरवार पुस्तके जपून ठेवली आहेत आणि शंभर वर्षे उलटली की ती लोकांसाठी खुली होतात. त्यामुळे लंडनमधल्या माणसाला खापरपणजोबांचे नाव, वय, धंदा आणि शेजारी कोण राहत होते, हे सगळे एका शोधात सापडते. त्याच सरकारने, त्याच वर्षी, आपल्याकडेही गणना केली, तेव्हा आपल्यालाही तेच मिळेल असे वाटणे स्वाभाविक आहे. जाहिराती याच समजुतीवर चालतात. परंतु तिथे माणूस नोंदवून ठेवला गेला आणि इथे मोजून सोडून दिला गेला. भारतातील १८७२ किंवा १८८१ च्या गणनेतून तुमच्या पूर्वजाचे नाव काढून देतो, असे कोणी म्हणत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारावा: मूळ कागद कुठल्या दफ्तरात आहे आणि त्याचा क्रमांक काय?

नावे नाहीत म्हटल्यावर हे अहवाल बाजूला ठेवून द्यावेत, असे मलाही पहिल्या आठवड्यात वाटले होते. मत बदलले ते सोलापूरच्या दोन आकड्यांमुळे. जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सुमारे ७ लाख १९ हजार आणि १८८१ मध्ये सुमारे ५ लाख ८२ हजार. नऊ वर्षांत शंभरातली एकोणीस माणसे कमी. मध्ये १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आहे. आमच्या घरातले ते तोंडपाठ वाक्य मी लहानपणापासून एखाद्या गोष्टीसारखे ऐकत आलो होतो. छापील तक्त्यात ते असे समोर आल्यावर त्याचे वजन कळले. आमच्या चार भावांपैकी तिघे यादीतून नाहीसे होणे ही एका घराची विचित्र हकिगत राहिली नाही, तो त्या वेळच्या जिल्ह्याचा हिशोब झाला.

अर्थात हा आकडा वाचताना एक पथ्य पाळावे लागते. दोन गणनांमधली घट म्हणजे तितके मृत्यू नव्हेत. दुष्काळात माणसे मेली, तशीच ती गाव सोडूनही गेली, आणि त्या दोन-तीन वर्षांत मुले जन्मालाच कमी आली; हे तिन्ही एकाच वजाबाकीत मिसळलेले असते. कुठल्या वयाची माणसे कमी झाली ते वयाच्या तक्त्यांवरून काहीसे उमगते, पण त्या तक्त्यांचीही स्वतःची गंमत आहे. वीस, तीस, चाळीस, पन्नास अशा वयांपाशी माणसांची दाटी आणि मधल्या वयांना ओस, कारण आपले वय कोणालाच नेमके ठाऊक नव्हते आणि विचारणाऱ्यानेही अंदाजाने गोल आकडा लिहिला. पूर्वजाचे जन्मसाल एखाद्या जुन्या कागदावरील वयावरून काढताना ही दाटी डोळ्यांसमोर ठेवावी. ‘उमर चाळीस’ याचा अर्थ तेव्हा ‘तरुणही नाही आणि म्हाताराही नाही’ इतकाच असू शकतो.

आता माळशिरसचा शेरा. सेवेने १८७२ चा सोलापूर जिल्हा उघडला, त्यात माळशिरस दिसला नाही आणि ‘आढळला नाही’ असे लिहून ती मोकळी झाली. वस्तुस्थिती अशी की, माळशिरस तेव्हा सातारा जिल्ह्यात होता आणि १८७५ मध्ये तो सोलापूरला जोडला गेला. साताऱ्याचे पान उघडले की तालुका तिथे मुकाट बसलेला सापडतो. जुन्या गणना वापरणाऱ्यांची सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जिल्हे आणि तालुके त्या काळात वारंवार फोडले आणि जोडले गेले. नंतरच्या गॅझेटियरांमध्ये (जिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथांमध्ये) जुन्या गणनेचा आकडा बदललेल्या हद्दीप्रमाणे जुळवून दिलेला असतो, तर मूळ अहवालात तो जुन्या हद्दीप्रमाणे असतो, आणि त्यामुळे एकाच जिल्ह्याची एकाच वर्षाची लोकसंख्या दोन पुस्तकांत दोन दिसते. दोन्ही बरोबर असतात. तेव्हा कुठलाही आकडा उतरवून घेताना तो कुठल्या पुस्तकातला आणि कुठल्या हद्दीचा, हे शेजारी लिहून ठेवावे. मी ते पहिल्या महिन्यात केले नाही, आणि दुसरा महिना ते निस्तरण्यात गेला.

गाव आजच्या महाराष्ट्रात आहे म्हणून ते मुंबई इलाख्यात सापडेल असेही नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद संस्थानाची पहिली गणना १८८१ ची, त्यामुळे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणीच्या माणसाने १८७२ च्या मागे लागून उपयोग नाही. वऱ्हाडाची गोष्ट उलटी आहे. तिथे १८६७ मध्येच गणना झाली होती. नागपूरकडचा भाग मध्य प्रांतात होता आणि तिथली पहिली गणना त्याहूनही आधीची, १८६६ ची. कोल्हापूर, सांगली, जत, औंध, भोर, सावंतवाडी ही संस्थाने. तेव्हा अहवाल उघडण्याआधी आपले गाव त्या साली कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी ठरवावे.

छायांकित प्रतींविषयी. मी तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती वापरल्या आणि तिन्हींत तक्त्यांचे रुंद, घडी घातलेले कागद हा रडीचा डाव आहे. काही घड्या न उलगडताच छायाचित्र घेतलेले आहे, काही पानांचा शिवणीकडचा रकाना अंधारात गेला आहे. शोधखिडकीत शब्द टाकून काही सापडेल याची आशा करू नये, कारण यंत्राने ओळखलेल्या अक्षरांत तक्त्यांचा पार चुराडा होतो आणि गावांची स्पेलिंगे त्या काळची असतात. सोलापूर शोधायचे तर ‘शोलापूर’, पुणे ‘पूना’, ठाणे ‘ठाणा’, आणि रायगड जिल्हा ‘कुलाबा’ या नावाने. सर्वांत घातक म्हणजे पुसट छपाईतले इंग्रजी ३ आणि ८. एका तक्त्यात पुरुष आणि स्त्रिया यांची बेरीज खालच्या एकूण आकड्याशी बरोबर पाचशेने जुळेना. संपादकाची चूक म्हणून मी तशी नोंदही केली होती. दुसऱ्या ठिकाणची प्रत काढून पान मोठे करून पाहिले, तेव्हा शतकाच्या जागी मी ८ वाचत होतो तिथे ३ निघाला. तेव्हापासून प्रत्येक ओळ आडवी आणि उभी दोन्हीकडून जुळवल्याशिवाय मी आकडा वहीत घेत नाही. काम कंटाळवाणे आहे, पण या अहवालांतली खरी सोय हीच की ते स्वतःची चूक स्वतः पकडून देतात. तोंडी सांगितलेल्या वंशावळीत ही सोय नाही.

नुसत्या तक्त्यांपेक्षा बेन्स यांचा मजकूर अधिक वाचनीय आहे. तक्त्यांवर भाष्य करताना ते गणना कशी झाली आणि उत्तरे कुठे संशयास्पद आहेत हेही सांगत जातात. त्याच्या जोडीला जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे ठेवावीत. सोलापूरचा खंड १८८४ चा, पुणे आणि सातारा यांचे १८८५ चे, रत्नागिरीचा १८८० चा. रत्नागिरीच्या खंडात त्यामुळे १८८१ चे आकडे असणारच नाहीत, तिथे १८७२ वरच भागवलेले आहे, हे ध्यानात न घेता दोन जिल्ह्यांची तुलना केली की घोटाळा होतो. गॅझेटियरांचा फायदा असा की, तालुक्याच्या आकड्याबरोबर तिथली जमीन, पाणी, बाजार, दुष्काळी कामे यांची माहिती एकत्र मिळते. आमच्या गावापासून फार दूर नसलेला नीरा डावा कालवा १८७६ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला होता. गाव सोडून गेलेली माणसे कुठल्या दिशेने गेली असतील, याचा पहिला धागा मला त्यातून मिळाला. धागाच, पुरावा नव्हे.

आईच्या माहेरचे लोक रत्नागिरीकडचे, पुढे मुंबईत गिरणीत लागलेले. त्यांच्यासाठी मुंबई शहराच्या गणना पाहिल्या आणि त्या मला अहवालांतल्या सर्वांत रसाळ वाटल्या. शहराची पहिली गणना १८६४ ची, लोकसंख्या ८ लाख १६ हजार. १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजार, आणि १८८१ मध्ये ७ लाख ७३ हजार. १८६४ चा फुगवटा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा, आणि युद्ध संपताच तेजीबरोबर माणसेही ओसरली. ‘आमचे लोक शंभर-दीडशे वर्षे मुंबईतच’ असे सांगणाऱ्या घरांनी आपली पिढी या चढउतारात कुठे बसते, ते एकदा पडताळून पाहावे. १८८१ च्या जन्मस्थळाच्या तक्त्यात मुंबईतच जन्मलेले लोक शेकडा तीसदेखील नाहीत आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सुमारे सव्वा लाख आहेत, म्हणजे शहरातला दर सहावा माणूस. माझ्या आईच्या पणजोबांचे नाव त्यात नाही हे खरे. पण ते या सव्वा लाखांतले असतील, तर ते एकटे बोटीत बसून अनोळखी शहरात उतरले, ही घरात रंगवून सांगितली जाणारी कथा थोडी बदलावी लागेल. उतरल्या जागी त्यांच्या जिल्ह्याचीच वस्ती होती.

जातीच्या तक्त्यांविषयी स्पष्टच लिहिले पाहिजे, कारण हल्ली पुष्कळ लोक जुन्या नोंदींकडे वळतात ते जातीच्या दाखल्यासाठी. गणनेच्या अहवालातील जातवार आकडे हे जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे असतात, कोणा एका कुटुंबाचे नसतात. जातपडताळणीला रक्तसंबंधातल्या व्यक्तीची, तिच्या नावाची आणि मानीव तारखेच्या, म्हणजे ज्या तारखेचा रहिवास धरला जातो तिच्या, आधीची नोंद लागते. इतर मागासवर्गासाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. ती नोंद शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात, जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, कोतवाल बुकात किंवा जमिनीच्या कागदात मिळू शकते. बेन्स यांच्या तक्त्यात नाही. शिवाय कोणत्या समूहाला कोणत्या नावाखाली मोजायचे हे प्रत्येक गणनेत बदलत गेले. मराठा आणि कुणबी यांची विभागणी एका गणनेतून दुसरीत तशीच्या तशी राहिलेली नाही, आणि त्या काळी सांगणाऱ्याने काय सांगितले, लिहिणाऱ्याने काय लिहिले व कचेरीतल्या कारकुनाने ते कुठल्या सदरात टाकले, या तीन पायऱ्यांपैकी आपल्याला फक्त शेवटची दिसते. हा तक्ता दाखवून ‘तुमची मूळ जात’ सांगणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत.

मग नावे कुठे मिळतात? याचे उत्तर लांब आहे आणि ते या परीक्षणाचा विषय नाही, तरी अहवाल वाचून जो अर्ध्या वाटेवर उभा राहतो त्याला पुढची वाट सांगितली पाहिजे. जमीन असलेल्या घरांसाठी १९०३ च्या कायद्याने सुरू झालेले हक्कनोंदणीचे कागद, त्यांतले कडईपत्रक (गावच्या जमिनी आणि त्यांचे कब्जेदार यांचे जुने पत्रक) आणि त्यानंतरचे फेरफार यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही, कारण वारसनोंदीत कोण मयत आणि मागे कोण कोण, हे एका वाक्यात लिहिलेले असते. त्यांतले बरेच कागद शासनाच्या आपले अभिलेख या संकेतस्थळावर पाहता येतात. वतनदार, इनामदार घराण्यांना पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि इनामांची चौकशी करणाऱ्या १८५२ च्या इनाम कमिशनच्या कागदांत आणखी मागे जाता येते, पण तिथे मोडी वाचता आली पाहिजे किंवा वाचणारा माणूस सोबत हवा. दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगणारे हेळवी अजून फिरतात आणि पिढ्यांची नावे सांगतात. आणि ज्यांच्याकडे ना जमीन ना वतन, त्यांनी तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या पाहाव्यात. यांतल्या बहुतेक कागदांत बायका नावाने भेटत नाहीत. कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई, एवढेच. आजोबांच्या यादीतही सात पिढ्यांत एकाच स्त्रीचे नाव आहे, आणि तेही तिने वाटणीच्या वेळी भांडण केले म्हणून.

सेवेबद्दल शेवटचे दोन शब्द. मी तक्रार केली, तेव्हा ‘जनगणनेतील नोंद दिलेली आहे’ असे उत्तर आले आणि पैसे परत मिळाले नाहीत. त्यांनी जे दिले ते मला दोन तासांत स्वतः मिळाले असते, आणि जे चुकवले ते नकाशा उघडला असता तरी चुकले नसते. अहवालांना मात्र मी पाचांपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण कापला तो नावे नसल्याबद्दल नाही, कारण नावे देण्याचे आश्वासन त्यांनी कधी दिलेच नव्हते. तो कापला हद्दींच्या घोळाबद्दल आणि घडी न उलगडलेल्या पानांबद्दल. ज्याच्याकडे गावाचे नाव आणि निदान एक सांगोवांगीची गोष्ट आहे, त्याला या अहवालांचा उपयोग होईल. ज्याच्याकडे फक्त आडनाव आहे, त्याने आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोलून घ्यावे.

त्या तीन भावांचा शोध मात्र तक्त्यांनी लावला नाही, त्यांनी फक्त कुठे पाहायचे ते सांगितले. कालव्याचा धागा डोक्यात ठेवून नाशिकला आमच्या घराण्याच्या उपाध्यायांकडे गेलो. त्यांनी लाल कापडात बांधलेली आडवी चोपडी काढली, गावाच्या नावाने पान उघडले, आणि आमच्या गावाखाली आजोबांच्या यादीतली चारपाच नावे ओळीने निघाली. पान संपले असे वाटले तेवढ्यात उपाध्यायांनी समासातल्या बारीक मोडी ओळीवर बोट ठेवले आणि वाचून दाखवले. शके १८१६, जयनाम संवत्सर, म्हणजे १८९४. चार भावांपैकी दुसऱ्याचा मुलगा तीर्थयात्रेला आला होता. मूळ वस्ती म्हणून आमचे गाव, ‘हल्ली वस्ती’ म्हणून भिमथडी तालुक्यातले एक खेडे, म्हणजे आजच्या बारामतीकडचा भाग, आणि खाली सहीऐवजी त्याच्या हातची निशाणी नांगर. १८८१ चा पुणे जिल्ह्याचा तक्ता घरी येऊन पुन्हा उघडला. भिमथडीची ओळ समोर होती, आणि त्या आकड्यात आता एक माणूस मला माहीत होता, निदान तेव्हाच तो तिथे आला असेल तर. त्या खेड्याच्या कडईपत्रकासाठी गेल्या सोमवारी अर्ज दिला आहे.